सोडायची तार

आमच्या घरात माझ्यावर एक कायमचा आरोप आहे. गाडी चालवताना मी बोलायला लागलो की गाडीची बैलगाडी होते, आणि दुसरं कुणी बोलत असलं की ऐकता ऐकता मी ती विमानासारखी दामटतो. आरोप बायकोचा. तीस वर्षांत त्याची भाषा बदललेली नाही. "अहो, तोंड चालवा, पण पायही चालवा," असं ती म्हणते, आणि मागून एखादा ट्रकवाला हॉर्न मारून तिच्या बाजूने साक्ष देतो.

त्यात तथ्य आहे. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तेहतीस वर्षं काढली. यंत्रावरच्या तुकड्याला बोट लावून तो घासायला हवा की नको हे मी सांगायचो. पण स्वतःच्या उजव्या पायाचा पंजा कधी ढिला पडला ते मला कळत नाही. साठी उलटली तशी त्याच पायाच्या गुडघ्याने वेगळी कुरकुर सुरू केली. वाकवला तर दुखत नाही, सरळ केला तरी दुखत नाही. एका कोनात अर्धा तास धरून ठेवला की मात्र कळ थेट मांडीत चढते.

आणि नेमका एका कोनात पाय धरून ठेवायचा रस्ता आमच्या दाराशी येऊन ठेपला. मुलगी नागपूरला असते. पूर्वी नाशिकहून नागपूर म्हणजे रात्रीची रेल्वे, घरचा डबा आणि पहाटे बडनेऱ्याचा चहा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते नागपूर हा ५२० किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. पुढच्या मे महिन्यात तो इकडे भरवीरपर्यंत आला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आम्ही सिन्नरजवळ गोंद्याला वर चढतो. पाचवा गिअर पडतो आणि त्यानंतर उजव्या पायाला एकच काम उरतं, ते म्हणजे जिथे आहे तिथेच राहणं. गुडघ्याला नेमकं तेच जमत नाही.

"बाबा, क्रूझ कंट्रोल असलेली नवी गाडी घ्या," मुलगी म्हणाली. गाडी बदलायची माझी तयारी नव्हती. आमची स्कॉर्पिओ २००९ सालची. मी ज्या रस्त्याने रोज कामावर जायचो त्याच सातपूरच्या रस्त्यावर महिंद्राच्या कारखान्यात तिचा जन्म. माहेर आणि सासर एकाच शहरात असलेल्या सुनेसारखी ती आमच्याकडे नांदली. तिला घालवून देण्यासारखं तिने काही केलेलं नव्हतं. मग मी क्रूझ कंट्रोलचं तयार किट मागवलं. किंमत घरात निम्मी सांगितली.

खोक्यात साबणाच्या डबीएवढी एक काळी पेटी होती, तारांचा एक जुडगा होता आणि चार बटणांची एक दांडी. वेग धर, वाढव, कमी कर, सोड. सोबत माहितीपुस्तिका. पेटी कुठे बसवायची आणि पेडलला कशी जोडायची याला त्यात दोन पानं दिली होती. त्यानंतरची सहा पानं ब्रेक आणि क्लच या दोनच गोष्टींवर होती. ब्रेकची तार अशी तपासा, मग तशी तपासा, मग पुन्हा तपासा. मला वाटलं, बनवणारा भित्रा दिसतोय. ती सहा पानं मी चाळली आणि दोन पानं वाचली.

दांडीवरची बटणं दाबून पाहताना मला अप्पांची गिरणी आठवली.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात अप्पांची पिठाची गिरणी होती. वीज आली होती, पण तिच्या भरवशावर दळण टाकायची कुणाची छाती नव्हती, म्हणून गिरणी डिझेलच्या ऑइल इंजिनवर चालायची. इंजिनाचं मोठं चाक, तिथून दगडापर्यंत गेलेला पट्टा, आणि छपरातून बाहेर काढलेला धुराचा पाइप. त्या पाइपवर ठेवलेला डबा टुक-टुक वाजायचा आणि तो आवाज मळ्यापर्यंत जायचा. गिरणी चालू आहे की बंद, हे बायका घरातूनच सांगत.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझं काम पेटीत धान्य ओतायचं. ज्वारी ओतली की इंजिनाचा आवाज दबायचा, घशात घास अडकल्यासारखा. दोन ठोके जड पडायचे आणि मग आपोआप पुन्हा पूर्वीची लय. मी किंवा अप्पांनी कशाला हातही लावलेला नसायचा. एकदा मी विचारलं, इंजिनाला कसं कळतं? अप्पांनी इंजिन बंद करून एक झाकण उघडलं. आत दोन लोखंडी वजनं बिजागरीवर बसवलेली होती. ते म्हणाले, "हा गव्हर्नर. इंजिन जोरात फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. इंजिन दबलं की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि डिझेल वाढतं." एवढं सांगून त्यांनी झाकण लावलं. तालुक्याच्या शाळेत मला यापेक्षा चांगलं विज्ञान कुणी शिकवलं नाही.

पुढे कारखान्यात लागल्यावर कळलं की हे कुळ मुळातच गिरणीचं आहे. युरोपातल्या पवनचक्क्यांवर दळण चालायचं तेव्हा वारा वाढला की दगड बेभान फिरत. दोन दगडांमधलं अंतर नीट राखायला तिथे फिरत्या गोळ्यांची युक्ती वापरात होती. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास तीच आपल्या वाफेच्या इंजिनाला लावली. १८६८ मध्ये मॅक्सवेलने या गव्हर्नरांवर लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध सादर केला. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारा तोच हा मॅक्सवेल. त्याने त्यात दोन जाती वेगळ्या काढल्या. पहिली जात ओझं आलं की वेग सावरते, पण पुरता नाही. ओझं असेपर्यंत थोडी तूट राहतेच. दुसरी जात तुटीचा हिशेब साठवत जाते आणि ती पुरती भरून निघेपर्यंत थांबत नाही. अप्पांचा गव्हर्नर पहिल्या जातीचा. बाजरी ओतलेली असताना त्यांचं इंजिन रिकाम्यापेक्षा किंचित हळूच चालायचं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. माझ्या काळ्या पेटीतला क्रूझ दुसऱ्या जातीचा, हिशेब ठेवणारा.

त्याच गिरणीत एका संध्याकाळी इंजिन सुटलं.

'सुटलं' हा शब्द इंजिनवाल्यांचा. आखाडाचे दिवस होते, दळणाला गर्दी होती. गव्हर्नरकडून डिझेलच्या पंपाकडे जाणारा दांडा अडकला, तोही नेमका डिझेल पूर्ण उघडं असताना. टुक-टुकचं तुकतुक झालं, तुकतुकची एकच लांब किंकाळी झाली. पट्टा उडाला आणि कोपऱ्यातल्या डब्यांवर जाऊन पडला. ओझं गेल्यावर इंजिन आणखीच पिसाळलं. जमीन हादरायला लागली. बायका पिठासकट बाहेर पळाल्या. डिझेलची तोटी बंद केली तरी नळीत राहिलेलं डिझेल इंजिनाला पुष्कळ होतं. अप्पा पुढे झाले. खाली पडलेलं गोणपाट त्यांनी उचललं, त्याचा बोळा केला आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिनाने ते गोणपाट अर्धं आत ओढलं, दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. त्यानंतर पसरलेली शांतता मला त्या आवाजापेक्षा जास्त आठवते.

दुसऱ्या दिवशी दांडा दुरुस्त झाला. पण इंजिनाशेजारच्या भिंतीत अप्पांनी एक खिळा ठोकला आणि त्याला घडी घातलेलं एक गोणपाट टांगलं. गिरणी विकेपर्यंत ते तिथे होतं. दर दिवाळीला ते गोणपाट नवं व्हायचं. ते पुन्हा कधी वापरावं लागलं नाही.

हे सगळं मला आठवलं, पण त्याचा माझ्या कामाशी काही संबंध आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शनिवारी सकाळी घरासमोर गाडी लावली, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झालो. साठीच्या माणसाने स्टिअरिंगखाली आडवं होऊ नये असं कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही, कारण तशी कल्पनाच कुणाला सुचत नसावी. बायको चहा ठेवून गेली आणि तो कुठे ठेवलाय हे तीनदा सांगून गेली.

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत लोखंडी केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची. डिझेलमध्ये कॉमन रेल आलं तशी ती केबल गेली. आता पेडलच्या मुळाशी एक सेन्सर असतो आणि त्यातून सहा तारा निघतात. दोन वीज आणतात, दोन अर्थच्या, आणि उरलेल्या दोन पाय किती दाबला ते इंजिनाच्या संगणकाला सांगतात. एकच गोष्ट सांगायला दोन तारा का? तर एकीवर विश्वास टाकायचा नाही म्हणून. दोन्ही तारांची भाषा थोडी वेगळी असते. साधारणपणे एकीवर जितके व्होल्ट असतात त्याच्या निम्मे दुसरीवर. संगणक दोन्ही जबान्या सतत ताडून पाहतो. त्या जुळल्या नाहीत तर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी लंगडत घरी जाण्याइतकीच ताकद देते.

काळी पेटी या दोघांच्या मध्ये बसते. पेडलचा कपलर काढायचा, तो पेटीला जोडायचा आणि पेटीचा कपलर संगणकाला. क्रूझ बंद असताना पेटी पेडलचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पोचवते. क्रूझ लावला की ती खोटं बोलायला लागते. पाय जमिनीवर असतो आणि पेटी संगणकाला सांगते की पाय दाबलेला आहे, इतका इतका. खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते म्हणतात. इथे तर दोन तारांवर, दोन वेगळ्या आकड्यांत, एकच खोटं न चुकता सांगावं लागतं. आणि ते कधी थांबवायचं हेही ठाऊक असावं लागतं. म्हणून ब्रेकची एक तार पेटीत येते. ब्रेकला पाय लागला की त्या तारेत बारा व्होल्ट येतात आणि पेटी त्या क्षणी गप्प होते. दुसरी तार क्लचची. क्रूझ चालू असताना क्लच दाबला तर इंजिनावरचं ओझं जातं आणि वेग टिकवायला निघालेली पेटी इंजिन नुसतंच रेस करत बसते. पट्टा उडाल्यावर गिरणीच्या इंजिनाचं झालं, अगदी तेच. तिसरी तार गाडीचा वेग सांगणाऱ्या सेन्सरची. बाकी मग चालू-बंदची वीज आणि अर्थ.

प्रत्येक जोड मी सोल्डर केला, त्यावर नळी चढवून गरम केली आणि तारा केबल टायने बांधल्या. कारखान्यातल्या कुठल्याही साहेबाने पाहून मान डोलवावी असं काम झालं. बॅटरी जोडली. पेटीवर हिरवा दिवा लागला. रिंगरोडला गेलो, पन्नासचा वेग धरला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. गाडी संथपणे हळू होत गेली आणि मागून रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीन दिवस मी तारा तपासल्या. मल्टिमीटर लावून प्रत्येक जोड पाहिला. ब्रेक दाबला की बारा व्होल्ट, सोडला की शून्य. क्लच ठीक. वेगाचे ठोके येत होते. सगळं बरोबर होतं आणि पेटी ऐकत नव्हती. बायको म्हणाली, "तुमच्यावर गेलीय." त्या तीन दिवसांत, अर्धं लक्ष तारांत आणि अर्धं वाचनात, मी क्रूझ कंट्रोलच्या मूळ माणसाची गोष्ट वाचून काढली. ती वाचली आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, कारण त्या गोष्टीत माझा वकील सापडला होता.

त्या माणसाचं नाव राल्फ टीटर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हॅगर्सटाऊन नावाच्या लहान गावात १८९० मध्ये त्याचा जन्म झाला. पाचव्या वर्षी चाकू डोळ्याला लागला आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरीही तो १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून यांत्रिकी अभियंता झाला. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या जहाजांसाठी टर्बाइनचे रोटर तोलायचं अवघड काम त्याने हाताच्या स्पर्शाच्या बळावर सोडवलं. पुढे तो पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्षही. हा माणूस आपल्या वकिलाच्या गाडीतून जात असे. वकील स्वतः बोलत असला की गाडी हळू व्हायची आणि टीटरचं ऐकत असला की वेग घ्यायची. डोळे असलेल्याला ते कदाचित जाणवलंही नसतं. टीटरच्या पाठीला सीटचा प्रत्येक हिसका कळत होता. वैतागून त्याने वेग धरून ठेवणारं यंत्र करायला घेतलं. त्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या गाड्यांत 'ऑटो-पायलट' या नावाने आणलं. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव नंतर कॅडिलॅकने दिलं.

"म्हणजे हे सगळ्या पुरुषांचं असतं," बायकोने निकाल दिला. मी म्हणालो, पुरुषांचं नाही, वकिलांचं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विषय संपला.

चौथ्या दिवशी द्वारकेकडे एका ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठलं. पोरगा पंचविशीचा असेल. मी त्याला सगळं सांगितलं, माझे जोडही दाखवले. त्याने जोडांकडे पाहिलंच नाही. गाडीच्या मागे जाऊन म्हणाला, "काका, ब्रेक दाबा." मी दाबला. "सोडा." सोडला. मग परत येऊन विचारलं, "मागचे बल्ब एलईडी टाकलेत का?"

टाकले होते. सहा महिन्यांपूर्वी, जास्त उजेड पडतो म्हणून, एका दुकानातून.

"मग नाही लागायचा," तो म्हणाला. "ही लावायची तार नाही काका, सोडायची तार आहे. लावायच्या तारा सगळ्या बरोबर आहेत तुमच्या."

मग त्याने उकिडवं बसून समजावलं. ब्रेकला पाय नसतानाही पेटी त्या तारेवर नजर ठेवून असते. साध्या बल्बमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यातून ती तार अर्थला टेकलेली राहते. पेटी तेच चाचपते. अर्थ लागला म्हणजे तार शेवटपर्यंत शाबूत आहे, म्हणजे उद्या ब्रेक दाबला तर निरोप पोचेल. एलईडीमधून तसा अर्थ मिळत नाही. पेटीला वाटतं की तार कुठेतरी तुटली आहे. आणि तुटलेली असेल तर ब्रेक दाबल्याचं आपल्याला कळणारच नाही, या भीतीने ती वेग धरायलाच नकार देते.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. माझे तीन दिवस वाया गेले होते कारण ती सहा पानं मी वाचली नव्हती, आणि ती सहा पानं याच एका गोष्टीवर होती. वेग धरणं पेटीच्या दृष्टीने किरकोळ काम होतं. आपल्याला सोडता येईल याची खात्री पटल्याशिवाय ती धरायला तयार नव्हती. इतका शहाणपणा मी आयुष्यात फार थोड्या माणसांत पाहिला आहे, आणि स्वतःत तर अजिबात नाही. नोकरी, राग, भाऊबंदकीतली जमीन, सगळं मी आधी घट्ट धरलं. सोडायची तार कुठे आहे, ती जोडलेली तरी आहे का, हे नंतर अंधारात चाचपत बसलो. अप्पांना ते एका संध्याकाळीत कळलं आणि त्यांनी भिंतीत खिळा ठोकला.

पोराने दोन साधे बल्ब लावले. पैसे फक्त बल्बांचे घेतले. "एक गेला तरी दुसरा जामीन राहतो," तो म्हणाला. "दोन्ही गेले की क्रूझ बंद."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडी काढली. उड्डाणपुलावरून द्वारका मागे टाकली, आडगाव गेलं, दहावा मैल आला. रस्ता मोकळा होता. सत्तरला बटण दाबलं आणि पाय उचलला. गाडी चालत राहिली. पेडल वरच होतं, पाय खाली चटईवर होता आणि इंजिन कुणाचं तरी ऐकत होतं. घाम फुटला. हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आणि पाय मात्र नातलगांच्या लग्नात कुणी काम न दिलेल्या पाहुण्यासारखा उभा. ओझरच्या अलीकडे मी ब्रेकला नुसता स्पर्श केला. गाडीने तात्काळ वेग सोडला. पुन्हा लावला, पुन्हा स्पर्श. मग क्लच. मग बटण. कोकणगावपर्यंत मी वेग धरून पाहण्यापेक्षा सोडूनच जास्त पाहिला.

एक खोड निघाली. लहानसा चढ आला की गाडी आधी मागे पडायची, मग उसळून पुढे जायची, मग पुन्हा मागे. डिझेलवाले याला हंटिंग म्हणतात. तुटीचा हिशेब ठेवणाऱ्या जातीची ही जुनी खोड. तूट भरून काढायच्या घाईत ती जास्तीचं देऊन बसते आणि मग परत घेते. पेटीची संवेदनशीलता दोन पायऱ्या कमी केली. पिंपळगावहून परतताना काटा जागचा हलला नाही, आणि पूर्वेला द्राक्षबागांवर उजाडत होतं.

घरी बसवायचा विचार करणाऱ्यांना मी दोन-चार गोष्टी सांगतो. साधा क्रूझ फक्त देतो, रोखत नाही. कसारा उतरताना इंजिनाला मागणी शून्य केली तरी उतार गाडीला पुढे ढकलतो आणि धरलेल्या वेगाच्या वर नेतो. तिथे गिअर आणि पाय हेच खरे. इगतपुरीच्या पावसात तो लावायचा नाही, कारण चाक पाण्यावर घसरलं तर पेटी घसरण्यालाही ताकद पुरवू पाहते. पुढे ट्रक उभा आहे हे तिला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही. हे जोडकाम त्यात मोडत नाही असं माझं मत, तरी विमा कंपनीला मी लेखी कळवून ठेवलं आहे. आणि समृद्धी सुरू झाल्यानंतर वर्तमानपत्रांत 'रोड हिप्नोसिस' हा शब्द येऊ लागला, तो विसरायचा नाही. सरळ रस्ता, एकच आवाज, एकच वेग. डोळे उघडे आणि माणूस आत नाही. पायाला सुट्टी मिळाली की डोक्यालाही ती हवीशी वाटते. मी दर तासाला गाडी बाजूला घेतो, आणि अर्धा तास झाला की क्रूझ सोडून काही वेळ पायाने चालवतो.

या दुसऱ्या सवयीमागे वेगळंच कारण आहे.

दिवाळीनंतर आम्ही नागपूरला निघालो. गोंद्याला वर चढलो, नव्वद लावला. कारना तिथे १२० ची परवानगी आहे, पण आमचं वय आणि गाडीचं वय मिळून नव्वद पुरे. शिर्डी मागे पडली. बायको तिच्या मावसबहिणीच्या सुनेची हकीकत सांगत होती. हकीकत लांब होती. वैजापूरच्या पुढे ती मध्येच थांबली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की."

"नाही, कळेना मला. पूर्वी तुम्ही ऐकायला लागलात की गाडी पळायची. मी म्हणायचे, चला, लक्ष आहे. आता ही बया एकाच सुरात चाललीय. तुम्ही ऐकताय की नुसते बसलाय, काही कळत नाही."

तीस वर्षं जो आरोप म्हणून ऐकला तो तिच्यासाठी माझ्या हुंकाराचा काटा होता, हे मला वैजापूरच्या पुढे, साठी उलटल्यावर, नव्वदच्या वेगाने कळलं. टीटरच्या वकिलाला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. टीटरला हिसके कळत होते. वेग वाढला म्हणजे हा माणूस आपलं ऐकतोय, हेही त्याच्याच पाठीला कळत असलं पाहिजे.

मी ब्रेकला पाय टेकवला. क्रूझ सुटला. पाय पुन्हा पेडलवर घेतला आणि म्हणालो, "मग? सून काय म्हणाली?" थोड्या वेळाने काटा शंभरावर गेलेला तिने पाहिला. ती काही बोलली नाही. हकीकत मात्र तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

आता घरासमोर गाडी मागच्या भिंतीला पाठ करून लावलेली असते. निघण्याआधी मी आत बसतो, ब्रेकवर पाय ठेवतो आणि आरशात पाहतो. भिंतीवर दोन लाल डाग पडले की मगच किल्ली फिरवतो. ग्लव्ह बॉक्समध्ये दोन जादा बल्ब असतात, गोणपाटाच्या एका तुकड्यात गुंडाळलेले.